सूर्याची तसबीर घेणारे प्रोफेसर नायगमवाला

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एक तरी चरित्र असावे, असा प्रघात आहे. संत, राण्या, समाजसुधारक आणि शिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या भगिनी यांच्यावर इतके चांगले लेख येऊन गेले आहेत, की चालकभगिनींनी यंदा माझे नाव घातले तेव्हा मी पुष्कळ दिवस विचारात पडले होते. शाळेत सत्तावीस वर्षे मी शास्त्र हा विषय शिकविला. म्हणून मग ठरविले, की आपल्याच पुण्यात शिकवून गेलेल्या आणि आपल्या पुण्यानेच विसरलेल्या एका शिक्षकाविषयी लिहावे. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७ सालचा, मृत्यू १९३८ सालचा. त्यांना छंद होता निसर्गाची छायाचित्रे घेण्याचा. मात्र निसर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फुले, पाखरे आणि सिंहगडावरचे ढग येतात. प्रोफेसरांचा निसर्ग होता सूर्य, तेजोमेघ आणि तारे.

आज हातातल्या फोनवर मूलही चंद्राचा फोटो काढते, त्यामुळे यात एवढे काय, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फोटो घ्यायचा म्हणजे काचेच्या तुकड्यावर रसायनाचा थर देऊन तो अंधारात जपून न्यायचा, प्रकाश दाखवायचा आणि पुन्हा अंधारात, लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तो धुवायचा. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा हे काम थोडे सोपे झाले. त्याआधी काच ओली असतानाच सगळे उरकावे लागे. नायगमवाला शिकून बाहेर पडले ते नेमके या बदलाच्या सुमारास.

ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन १८७८ साली ते एम. ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात शिकवू लागले. त्या वेळी साऱ्या जगातल्या शास्त्रज्ञांना वर्णपटाने वेड लावले होते. वर्णपट म्हणजे काय, हे समजायला लांब जायला नको. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाच्या पाण्याचा हबका उडाला, की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिले आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याची अशी आपली आपली रंगांची खूण असते. लोलकातून प्रकाश पसरवून त्या खुणा वाचता आल्या, तर कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्यात काय काय आहे, हे इथे बसून सांगता येते. बायकांना भाजीच्या वासावरून शेजारच्या घरात कशाची फोडणी पडली ते कळते, तशातलाच हा प्रकार, असे मी वर्गात सांगत असे आणि मुली हसत असत.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजात वर्णपटाची प्रयोगशाळा व्हावी म्हणून ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने त्यात तितकीच भर घातली. दहा हजार रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. यंत्रे खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ साली विलायतेस गेले. तिथे राजज्योतिषी ख्रिस्ती आणि सूर्याचे अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि नुसत्या प्रयोगशाळेऐवजी ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळाच का उभारू नये, हा विचार तिथे पक्का झाला. वर्गात दाखवायच्या उपकरणांसाठी निघालेला एक सत्तावीस वर्षांचा शिक्षक परत आला तो दुर्बिणीचा बेत घेऊन. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा याच प्रवासात ठरली.

१८८५ साली ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि वेधशाळेचा बेतही त्यांच्याबरोबर पुण्याला आला. हे कॉलेज म्हणजेच संगमाजवळचे आपले इंजिनियरिंग कॉलेज. मुळा आणि मुठा जिथे एकमेकींना भेटतात तिथून हाकेच्या अंतरावर १८८८ साली वेधशाळा सुरू झाली. तिचे नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. ताऱ्यांच्या केवळ जागा न मोजता त्यांच्या प्रकाशाची परीक्षा करणारी अशी वेधशाळा हिंदुस्थानात तोवर नव्हती. ग्रब यांच्या प्रसिद्ध कारखान्यातून आलेली वीस इंची आरशाची दुर्बीण हे तिचे भूषण. वीस इंच म्हणजे लग्नकार्यात भात उपसण्याची मोठी परात डोळ्यांपुढे आणावी. देशात तेव्हा याहून मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

ही दुर्बीण सांभाळणे हे एक घर सांभाळण्याइतकेच चिकाटीचे काम होते. तिचा आरसा म्हणजे काचेवर दिलेला चांदीचा अतिशय पातळ मुलामा. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजने चार महिने कपाटात ठेवली तर काय होते ते आपण जाणतोच. पुण्याच्या दमट पावसाळी हवेत त्या आरशाचेही तेच होणार. तो घासून चालत नाही. मुलामा काढून नवा द्यावा लागतो. शिवाय पृथ्वी फिरत असते, म्हणून तारा दुर्बिणीच्या दृष्टीतून हळूहळू सरकत जातो. त्याच्यामागोमाग दुर्बीणही तितक्याच सावकाश फिरती ठेवण्यासाठी घड्याळासारखे यंत्र लावलेले असते, आणि छायाचित्र घेणाऱ्याला ती चाल तासन्‌तास डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. त्यातच जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश ढगांनी भरलेले. म्हणजे वर्षातले जवळजवळ चार महिने प्रोफेसरांची दुर्बीण मिटलेल्या छत्रीसारखी. आणि दिवसाचे वर्ग होतेच.

पुण्याला आकाशाचे वेड तेव्हा नवे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. टिळक-आगरकरांचे गुरू प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, नायगमवाला पुण्यास येण्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. सूर्यावरच्या डागांच्या नोंदी ठेवण्याचा छंद त्यांनी कित्येक वर्षे जोपासला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला, तेही शिक्षकच. आणि मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरविणारा टिळकांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ सालचा. म्हणजे एका बाजूला लोकमान्य पोथ्यांमधून मृग शोधीत होते, आणि त्याच्या थोडे आधी, त्याच गावात, संगमावर एक पारशी प्रोफेसर दुर्बिणीतून त्याच मृगाकडे पाहात होते. या दोघांची यावर कधी गोष्ट झाली असती तर ती ऐकायला किती बहार आली असती!

मृगातले हे निरीक्षण त्यांच्या आयुष्यातला एक मानाचा प्रसंग आहे. मृगाच्या पोटात जो तीन ताऱ्यांचा बाण दिसतो, त्याच्या खाली एक अंधुक, धुरकट ठिपका आहे. चांगल्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. हा फार मोठा तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसे आणि ती कोणत्या द्रव्याची, यावर विलायतेत मोठा वाद चालला होता. लॉकियरसाहेबांचे म्हणणे, की ती मॅग्नेशियमची आहे. त्यांच्या एका मोठ्या सिद्धान्ताचा तो आधार होता. तसे असेल तर ती रेषा एका कडेला पुसट, झालर लावल्यासारखी दिसली पाहिजे. नायगमवालांनी पुण्याहून आपल्या दुर्बिणीने ती रेषा पाहिली. ती दोन्ही कडांना स्वच्छ, रेखीव होती. त्यांनी १८९१ साली लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात तसे छापून टाकले.

यात धैर्य किती होते, याचा विचार व्हावा. ज्या थोर माणसाच्या सल्ल्याने आपली वेधशाळा उभी राहिली, त्याच्याच म्हणण्याविरुद्ध, आणि तेही परक्या सत्तेखालच्या एका नोकरदार शिक्षकाने, साता समुद्रापलीकडे लिहून पाठवायचे. गुरूबद्दल आदर ठेवून खरे तेवढे सांगणे ही गोष्ट बोलायला सोपी आहे. ती रेषा नेमकी कशाची, हे पुढे १९२७ साली उमगले. विरळ अवकाशात इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा. मॅग्नेशियम नव्हतेच.

आता येते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना. २२ जानेवारी १८९८, पौषातली अमावास्या, शनिवार. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूर असा तिरका पट्टा ओढीत पुढे उत्तरेस जाणार होती. जगभरचे ज्योतिषी आपल्या महाराष्ट्रात उतरले. विजयदुर्गच्या किल्ल्यावर खुद्द लॉकियर आले. मेल्पोमीन या लढाऊ जहाजाचे खलाशी त्यांच्या हाताखाली होते. (हेलियमचा शोध लॉकियरने १८६८ साली विजयदुर्गावर लावला, अशी समजूत पुष्कळांची आहे आणि सहलीला गेले की ती ऐकायला मिळते. १८६८ साली लॉकियर विलायतेतच होते. विजयदुर्गावर ते आले ते या १८९८ च्या ग्रहणाला. शाळेच्या सहलीत मी हे नेहमी सांगत असे.)

नायगमवालांनी आपला तळ ठोकला तो जेऊर येथे. दौंडहून सोलापूरकडे जाताना लागणारे हे स्टेशन. आगगाडीने जड यंत्रे नेता येतात, हवा कोरडी, आकाश निरभ्र, आणि सावलीचा मध्य जवळ. याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. चाळीस फूट म्हणजे पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या दोन मजल्यांहून उंच. एखाद्या लहानशा खेड्यात अशी ही परदेशी बिऱ्हाडे लागलेली पाहून तिथल्या बायाबापड्यांना काय वाटले असेल!

हे दिवस कसले होते, तेही ध्यानात घ्यावे. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. १८९७ च्या जूनमध्ये रँडचा वध झाला. टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. हिवाळ्यात प्लेग पुन्हा उलटला होता. लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहात होते. अशा वेळी आकाशाची छायाचित्रे घेण्याची तयारी करणे हे काहींना चैनीचे वाटले असेल. मला तसे वाटत नाही. ग्रहण माणसाच्या सोयीने येत नसते, आणि ते खग्रास राहणार होते फार तर दोन मिनिटे. दोन मिनिटांसाठी महिनोन्‌महिन्यांची तयारी. त्यात एक ढग आला तर सगळे पाण्यात. १८९६ साली नॉर्वेत हेच घडले होते. दूरदूरहून गेलेले ज्योतिषी ढगांकडे पाहात बसले आणि हात हलवीत परतले.

या दोन मिनिटांत काय टिपायचे होते? एक म्हणजे सूर्याचे प्रभामंडल. सूर्याभोवतीचे हे मोत्यासारखे पांढुरके तेज एरवी सूर्याच्या झगझगाटात दिसत नाही; त्या काळी ते पाहण्याची संधी केवळ खग्रास ग्रहणातच मिळे. दुसरे त्याहून अवघड. चंद्र सूर्याचा शेवटचा काठ झाकतो, त्या क्षणी सूर्याच्या वर्णपटातल्या नेहमीच्या काळ्या रेषा एकाएकी उजळून निघतात आणि दोन-चार सेकंदांत विझतात. या क्षणिक वर्णपटात सूर्याच्या वातावरणाचा तळचा पातळ थर बोलत असतो. डोळ्यांनी तो कुणी पाहील, पण एवढ्या वेळात शेकडो रेषा लिहून कोण घेणार? त्याला छायाचित्रच हवे. काच बसवायची, उघडायची, मिटायची, काढायची, दुसरी बसवायची. कुणी सेकंद मोजायचे, कुणी काचा द्यायच्या. आणि हे सगळे भरदुपारी अचानक झालेल्या काळोखात, हात न थरथरता. आयत्या वेळी कुणी आकाशाकडे पाहात राहिला, तर काम बिघडलेच. ज्यांनी ग्रहणाचे फोटो काढले, त्यांतल्या पुष्कळांनी ग्रहण धड पाहिलेलेच नसते, असे म्हणतात ते काही खोटे नाही.

त्या दिवशी आकाश स्वच्छ राहिले. जेऊरच्या माळावर नायगमवालांना क्षणिक वर्णपटाची आणि प्रभामंडलाची छायाचित्रे मिळाली. त्यांचा सविस्तर अहवाल वेधशाळेचे पहिले प्रकाशन म्हणून १९०२ साली निघाला. चार वर्षे लागली याचे नवल वाटायला नको. काचेवरची प्रत्येक रेषा भिंगाखाली धरून मोजायची, पडताळायची आणि मग कोष्टकात मांडायची, हे काम असते. छायाचित्र दोन मिनिटांचे, मोजणी कित्येक महिन्यांची.

याच ग्रहणातली एक गोष्ट आपल्या मंडळाच्या भगिनींना सांगितल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून थोडे आडरानात शिरते. कँबेल यांच्याबरोबर जेऊरला त्यांच्या पत्नी एलिझाबेथ आल्या होत्या आणि त्या छावणीत पतीच्या मदतीला होत्या. आणि तिकडे वऱ्हाडात तळणी येथे ज्या इंग्रज मंडळींचा तळ होता, त्यांत अॅनी माँडर नावाच्या बाई होत्या. या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्यांनी तुटपुंज्या पगारावर नोकरी केली होती. पण लग्न झाले की बायकांनी सरकारी नोकरी सोडायची, हा तेव्हाचा नियम, त्यामुळे १८९५ साली नोकरी सुटली. काम मात्र त्यांनी सोडले नाही. तळणीला त्यांनी स्वतःचा एक छोटासा कॅमेरा आणला होता, ज्याचे भिंग दीड इंचाचे. त्या दीड इंची भिंगाने त्यांनी प्रभामंडलातला इतका लांब किरण टिपला, की तोवर कुणी टिपला नव्हता. साठ लाख मैलांच्या आसपास त्याची लांबी भरली. मोठमोठ्या यंत्रांना जे दिसले नाही, ते त्या चिमुकल्या कॅमेऱ्याला दिसले. पुढे १९१६ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या काही जणींत त्या होत्या.

त्या दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांतून आपल्या आज्या-पणज्या काय करीत होत्या, ते वेगळे सांगायला नको. पाण्यात, लोणच्यात तुळशीची पाने किंवा दर्भ टाकून, गरोदर लेकीसुनांना अंधाऱ्या खोलीत बसवून, ग्रहण सुटण्याची वाट पाहात होत्या. यात त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात सुद्धा पुण्याचे रस्ते भरदिवसा ओस पडले होते, हे मी स्वतः पाहिले आहे. आमच्या सासूबाईंनी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. मी फटीतून येणारा उजेड भिंतीवर पाडून त्यांना सूर्याची कोर दाखविली, तेव्हा त्यांनी ती पाहिली, हात जोडले, आणि अंघोळीचे पाणी तापवायला गेल्या.

ग्रहणानंतर नायगमवाला आणखी चौदा वर्षे नोकरीत होते. १८९९ साली दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरावर सरकारने सूर्याच्या अभ्यासासाठी मोठी वेधशाळा काढली आणि सरकारचे लक्ष साहजिकच तिकडे वळले. पुण्याच्या कॉलेजचेही रूप बदलले. १९११ साली त्याचे नाव कॉलेज ऑफ इंजिनियरिंग झाले आणि पूल, रस्ते, कालवे बांधणारे लोक घडविणे हेच त्याचे काम ठरले. १९१२ साली प्रोफेसर निवृत्त झाले, तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद करण्यात आली. दुर्बीण, वर्णपटाची यंत्रे, सगळे सामान पेट्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाले.

हा निर्णय चूक म्हणावा की बरोबर, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सरकारच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कोडाईकनाल सुमारे साडेसात हजार फुटांवर, हवा निवळ, तिथे याच कामासाठी नेमलेले शास्त्रज्ञ. शिवाय तिथले त्या वेळचे प्रमुख एव्हरशेड. त्यांनी १८९८ च्या ग्रहणात तळणीला क्षणिक वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली होती. म्हणजे सामान गेले ते जाणकाराच्याच हाती. परंतु प्रत्यक्षात ती मोठी दुर्बीण तिथेही बराच काळ उभी राहिली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ती पुन्हा कामाला लागली, म्हणजे मधली जवळजवळ चाळीस वर्षे गेली. एखादीचे सतारीवर प्रेम असते, ती रोज रियाज करते. ती थकली की घरातले म्हणतात, सतार मामाकडे देऊन टाका, त्यांच्याकडे जागा मोठी आहे. आणि मामाकडे ती माळ्यावर जाते. तसेच हे झाले.

मला खरी खंत वाटते ती दुर्बीण गेल्याची नाही. चोवीस वर्षांच्या त्या वेधशाळेत प्रोफेसरांच्या नंतर तिची किल्ली घेऊन उभे राहील असे माणूस नव्हते, ही खंत आहे. वेधशाळेला महाराजांची देणगी होती, सरकारची भर होती, पण ती चालत होती एका माणसाच्या हौसेवर. वर्गात त्यांच्यापुढे शेकडो मुले बसून गेली असतील. ती पुढे इंजिनियर झाली, मामलेदार झाली. त्यांना पोटाची विद्या हवी होती आणि त्यात त्यांचा दोष नाही. ताऱ्यांचे फोटो काढून पोट भरेल, अशी एकही जागा तेव्हा या देशात हिंदी तरुणासाठी सहजासहजी नव्हती. मंडळाच्या शिवणवर्गाचे काय, ग्रंथालयाचे काय, किंवा संध्याकाळच्या अभ्यासिकेचे काय, आपल्यालाही हाच प्रश्न दर वार्षिक सभेत पडतो. सांभाळणारी बाई थकली, की कपाटाची किल्ली कुणाकडे द्यायची?

निवृत्तीनंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले. ते वारले, त्यानंतर सहाच वर्षांनी, २२ ऑगस्ट १९४४ रोजी, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी मंडळींची ही संस्था. तिने कित्येक पुणेकरांना दुर्बिणीला डोळा लावायला शिकविले. १९८८ साली विद्यापीठाच्या आवारात आयुका सुरू झाली, नारायणगावाजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या उभ्या राहिल्या, आणि आज पुणे हे खगोलशास्त्राचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. या सगळ्यांच्या आधी एक पारशी प्रोफेसर संगमावर रात्री जागवीत होता, हे मात्र त्या संगमावरून रोज जाणाऱ्यांना ठाऊक नसते.

ती वीस इंची दुर्बीण पुढे थेट लडाखमध्ये लेहपर्यंत जाऊन आली. हिमालयात नवी वेधशाळा कुठे उभारावी, याची पाहणी करताना तिथल्या आकाशाची परीक्षा घेण्यासाठी तिला नेण्यात आले होते. शास्त्रज्ञांत ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाते. पैसे देणाऱ्या महाराजांचे नाव तिला चिकटले आहे, आणि ते योग्यच आहे.

आता एक उपयोगाची गोष्ट सांगून थांबते. २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाचा खंडग्रास भाग पुण्याहून संध्याकाळच्या सुमारास दिसण्यासारखा आहे. श्रावणसरींनी उघडीप दिली तर. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून मुळीच पाहू नये. घरातली पिठाची चाळणी नव्हे, मोठ्या भोकांची, रव्याची चाळणी घ्यावी आणि तिची सावली पांढऱ्या कागदावर पाडावी. ज्या चाळणीतून एरवी उजेडाचे गोल ठिपके पडतात, तिच्यातून त्या वेळी शेकडो चंद्रकोरी पडतील. जवळच्या मुलीला सांगून त्या कागदाचा फोटो घ्यावा, आणि मागे तारीख व वेळ लिहून ठेवावी.